अँकरच्या ताणक्षमतेचे आकडे जुळत नाहीत? आधी काँक्रीट तडकलेले की न तडकलेले ते ठरवा

एकच अँकर (काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेला, ओढ घेणारा बोल्ट), एकच स्लॅब आणि तीन जणांच्या तीन एक्सेल शीट. पहिल्याचे उत्तर ३१ किलोन्यूटन, दुसऱ्याचे ४४, तिसऱ्याचे ४९. तिघांनी एसीआय ३१८ (अमेरिकन काँक्रीट कोड) मधले तेच सूत्र वापरलेले, तिघांचा गुणाकारही बरोबर. चाकण-तळेगाव भागातल्या कारखान्यांची पाइप सपोर्टची आणि शेडची कामे करताना हा पेच माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे की आता शीट हातात आली की मी आधी उत्तर बघतच नाही. इनपुटच्या चार-पाच ओळी बघतो. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

आकडे का जुळत नाहीत, हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो, म्हणून कुठे काय तपासायचे ते एकदा सविस्तर लिहितो. उदाहरण सुरुवातीपासून एकच घेऊ. एम२५ काँक्रीटचा १५० मिमी जाडीचा स्लॅब आहे आणि खालच्या बाजूने पाइप टांगायचा आहे. नंतर ड्रिल मारून बसवलेला, टॉर्क दिल्यावर फुलणारा एम१६ एक्स्पान्शन अँकर आहे. प्रभावी खोली, म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठभागापासून अँकर जिथे पकड घेतो तिथपर्यंतची खोली, १०० मिमी.

तीन आकडे कुठून आले

काँक्रीटचा शंकू उपटून निघण्याची मूळ क्षमता अशी: गुणांक × √(काँक्रीटची सिलिंडर ताकद) × (प्रभावी खोली)^१.५. नंतर बसवलेल्या अँकरसाठी एसआय एककांत (न्यूटन आणि मिमी) गुणांक ७, आधी ओतून बसवलेल्या बोल्टसाठी १०. हे दोन्ही गुणांक तडकलेल्या काँक्रीटचे आहेत. इथेच पहिला घोटाळा होतो. मूळ सूत्राचे उत्तर म्हणजे ‘साध्या, चांगल्या’ काँक्रीटचे उत्तर आणि तडा असेल तर त्यातून काही वजा करायचे, असे अनेकांच्या डोक्यात बसलेले असते. एसीआयमध्ये हे उलट आहे. मूळ उत्तरातच तडा गृहीत आहे. काँक्रीट तडकणार नाही असे तुम्ही दाखवू शकलात तरच १.४ ने वाढवण्याची परवानगी मिळते. ओतून बसवलेल्या बोल्टला ही वाढ १.२५.

आता आकडे. एम२५ मधले २५ ही आपल्या आयएस ४५६ (भारतीय काँक्रीट कोड) प्रमाणे १५० मिमीच्या घनाकृती नमुन्याची, म्हणजे क्यूबची ताकद. एसीआयला सिलिंडरची ताकद हवी, ती साधारण ०.८ पट, म्हणजे २०. ७ × √२० × १००^१.५ = ३१.३ किलोन्यूटन. हा पहिल्याचा आकडा, तडकलेल्या काँक्रीटचा. दुसऱ्याने त्याला १.४ ने गुणले, ४३.८. तिसऱ्याने १.४ लावलेच, शिवाय क्यूबची २५ ही ताकद तशीच सूत्रात टाकली: ७ × ५ × १००० × १.४ = ४९.०. म्हणजे पहिल्यापेक्षा ५७ टक्के जास्त. दोन चुका, दोन्ही एकाच दिशेने आणि दोन्ही घातक बाजूला.

कधीकधी ६२.६ असाही आकडा दिसतो. तो दिसला की समजावे, १.४ दोनदा लागला आहे. काही उत्पादनांच्या मान्यता अहवालात न तडकलेल्या काँक्रीटचा गुणांक थेट १० च्या आसपास दिलेला असतो. तो घेतला की पुढे १.४ लावायचा नाही, तो घटक १.० ठेवायचा. शीट बनवणाऱ्याला हे माहीत असते, वापरणाऱ्याला नसते.

युरोपीय पद्धतीने गेलात तर आकडे थोडे वेगळे येणार, त्यात गोंधळायचे कारण नाही. ईएन १९९२-४ (युरोकोडचा अँकरसाठीचा भाग) मध्ये नंतर बसवलेल्या अँकरला तडकलेल्या काँक्रीटसाठी ७.७ आणि न तडकलेल्यासाठी ११.०, तर ओतून बसवलेल्या डोकेवाल्या बोल्टला ८.९ आणि १२.७. आपल्या उदाहरणात ७.७ ने ३४.४ किलोन्यूटन येतात. पण जुन्या ईटीएजी ००१ (युरोपीय अँकर मान्यतेची मार्गदर्शिका) मध्ये गुणांक ७.२ आणि १०.१ होते आणि ते क्यूबच्या ताकदीसाठी होते. जुन्या शीटमधले ७.२ आणि नव्या कोडमधली सिलिंडरची ताकद एकत्र केली की उत्तर विनाकारण कमी येते. जुने क्यूबचे आकडे नव्या ७.७ सोबत घेतले की जास्त येते. शीटच्या पहिल्या ओळीत ‘ताकद सिलिंडरची की क्यूबची’ हे शब्दांत लिहून ठेवा. मी हे माझ्या प्रत्येक शीटमध्ये लाल अक्षरांत लिहितो.

तडा गेला तर क्षमता का घटते

हे समजून घेतले नाही तर १.४ हा नुसता एक आकडा राहतो आणि मग तो हवा तेव्हा लावला जातो. अँकर ओढला जातो तेव्हा त्याच्या टोकापासून वर एक पसरट शंकू सुटायला बघतो. पृष्ठभागाशी त्याचा कोन सुमारे ३५ अंश, म्हणून वरच्या वर्तुळाची त्रिज्या खोलीच्या दीडपट धरतात. (पूर्वी ४५ अंश धरत. ३५ अंशांवर आधारलेली पद्धत १९९५ मध्ये मांडली गेली, २००२ मध्ये एसीआय ३१८ च्या परिशिष्ट ‘डी’ मध्ये आली आणि २०१४ पासून ती त्या कोडचे १७ वे प्रकरण आहे.) हा शंकू अँकरभोवती सर्व बाजूंनी सारखा ताण घेतो, पिंपाला बसवलेल्या लोखंडी पट्टीसारखा. मधून तडा गेला की पट्टी तुटते. शंकूचे दोन अर्धे होतात आणि त्यांच्यामध्ये ताण जायला वाट उरत नाही. क्षमता सुमारे ७० टक्क्यांवर येते. ८.९ भागिले १२.७ करून बघा, किंवा १ भागिले १.४. दोन्हीकडून तेच उत्तर.

आणि तडा अँकरमधूनच का जाईल, बाजूने का नाही, हेही मला नेहमी विचारतात. कारण भोक हीच काँक्रीटमधली कमकुवत जागा. शिवाय फुलणारा अँकर भोकाच्या कडा आतून ढकलत असतो. ताण असलेल्या भागात तडा पडणारच असेल तर तो भोकाच्या वाटेने जाण्याची शक्यता जास्त.

मग कोणते काँक्रीट न तडकलेले म्हणायचे

सगळ्यात जास्त वाद इथे होतो आणि सगळ्यात कमी विचारही इथेच. साइटवरून फोन येतो, ‘साहेब, स्लॅब एकदम चांगला आहे, एक तडा दिसत नाही.’ पण प्रश्न आज डोळ्यांना काय दिसते हा नाही. पुढच्या तीस वर्षांत वापरातल्या भाराखाली, आकुंचनाने, उन्हाळ्या-हिवाळ्याच्या तापमानाने तिथे ताण येईल का, हा आहे. आयएस ४५६ सौम्य वातावरणात ०.३ मिमीपर्यंतचा तडा चालवून घेतो. तडकलेल्या काँक्रीटसाठी अँकरची चाचणीही ०.३ मिमी रुंदीच्या तड्यात करतात. म्हणजे कोडप्रमाणे अगदी व्यवस्थित वागणाऱ्या स्लॅबमध्येसुद्धा अँकरच्या दृष्टीने काँक्रीट तडकलेले असू शकते.

एसीआय म्हणतो, वापरातल्या भाराखाली तडा पडत नाही हे विश्लेषणाने दाखवा. युरोकोड यापेक्षा कडक आहे. भारामुळे येणाऱ्या ताणात आकुंचन-तापमानासाठी ३ न्यूटन प्रति चौरस मिमी मिळवायचे आणि बेरीज शून्याच्या वर जाता कामा नये. याचा सरळ अर्थ, त्या जागी कायम ३ एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी) दाब असेल तरच काँक्रीट न तडकलेले. आपल्याकडच्या साध्या आरसीसी इमारतीत हे फार थोड्या ठिकाणी साधते.

आपल्या उदाहरणातला पाइप स्लॅबच्या मध्याजवळ, खालच्या बाजूने टांगलेला आहे. तो भागच ताणाचा. तिथे तडकलेले धरायचे, चर्चा संपली. बीमच्या खालच्या अंगाला, कॅन्टिलिव्हरच्या वरच्या अंगाला हेच.

शेडच्या कॉलमखालच्या पेडेस्टलवर (काँक्रीटच्या ठेंगण्या खांबावर) मात्र मी एक चूक वारंवार पाहिली आहे. ‘पेडेस्टल दाबाखाली असतो, म्हणून १.२५ घेतला,’ असे उत्तर मिळते. डेड लोडखाली, म्हणजे बांधकामाच्या स्वतःच्या वजनाखाली, तो दाबाखाली असतो हे खरे. पण बोल्टला ओढ कधी येते? वाऱ्याने शेड उचलली जाते तेव्हा. आणि ज्या लोड केसमध्ये (भारांच्या जुळणीत) बोल्ट ओढला जातो, नेमक्या त्याच केसमध्ये पेडेस्टलच्या त्या बाजूलाही ताण येतो. दाब असलेली लोड केस धरून तडा नाही असे ठरवायचे आणि ओढ असलेली लोड केस धरून बोल्ट तपासायचा, हा हिशोब एकमेकांशी बसत नाही. भूकंपाच्या भारालाही असेच. तिथे एसीआय तडकलेले काँक्रीटच गृहीत धरतो आणि वर काँक्रीटच्या क्षमतेला ०.७५ ने आणखी कापतो.

न तडकलेल्या काँक्रीटमध्ये उत्तर कमी आले तर

हा प्रश्न मला आधी चक्रावून गेला होता, म्हणून थोडा वेळ घेतो. ‘शीटमध्ये तडकलेले निवडले तर जास्त क्षमता येते, न तडकलेले निवडले तर कमी. शीट बिघडली आहे का?’ बहुतेक वेळा नसते.

त्याच स्लॅबमध्ये चार अँकरची प्लेट घेऊ. अँकरमधले अंतर दोन्ही दिशांना १५० मिमी, एका बाजूला स्लॅबची कड पहिल्या रांगेपासून १३० मिमीवर. एकट्या अँकरच्या शंकूचे क्षेत्र ९ × १००² = ९०,००० चौ. मिमी. गटाचे क्षेत्र (१३० + १५० + १५०) × (१५० + १५० + १५०) = १,९३,५०० चौ. मिमी. म्हणजे चार अँकर बसवले तरी शंकू २.१५ अँकरचाच. कडेचा घटक ०.७ + ०.३ × १३०/१५० = ०.९६. तडकलेल्या काँक्रीटमध्ये गटाची क्षमता ३१.३ × २.१५ × ०.९६ = ६४.६ किलोन्यूटन. (कोणी ४९ ला चाराने गुणून १९६ लिहिले असतील तर तो आकडा तिप्पट झाला. असे लिहिलेले मी मंजूर झालेल्या ड्रॉइंगवर पाहिले आहे.)

आता ‘न तडकलेले’ निवडा. १.४ मिळतो. पण त्यासोबत दुसरा घटक जागा होतो, काँक्रीट फुटून दुभंगण्याचा. नंतर बसवलेला अँकर न तडकलेल्या काँक्रीटमध्ये कडेजवळ असेल तर त्या उत्पादनाचे ‘क्रिटिकल एज डिस्टन्स’ लागते, म्हणजे काँक्रीट दुभंगू नये म्हणून कडेपासून हवे असलेले अंतर. उत्पादनाच्या अहवालात ते दिलेले नसेल तर एसीआयचे ठोकळ मूल्य या प्रकाराला खोलीच्या चौपट, म्हणजे ४०० मिमी. घटक होतो १५०/४०० = ०.३७५ (१५० ही शंकूची त्रिज्या). आणि ६४.६ × १.४ × ०.३७५ = ३३.९ किलोन्यूटन. निम्म्याच्या आसपास.

म्हणून शीटवर संशय घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, ते अंतर उत्पादनाच्या अहवालातून घेतले आहे की ठोकळ मूल्य राहिले आहे. प्रत्यक्ष चाचणीतून आलेले अंतर बरेचदा चौपटीपेक्षा कमी असते आणि उत्तर सुधारते. दुसरी, तडकलेल्या काँक्रीटच्या हिशोबात हा घटक १.० का असतो. तिथे तड्यांची रुंदी आवरणारी सळई आहे असे गृहीत असते. जिथे सळईच नाही, अशा पीसीसीच्या कोब्यात ‘तडकलेले’ निवडून मोठा आकडा घेणे चुकीचे.

अँकर नेमका कशाने निकामी होणार

पोलादाची क्षमता सगळे काढतात, कारण ती सोपी आहे. ८.८ ग्रेडचा एम१६: १५७ चौ. मिमी × ८०० एमपीए = १२५.६ किलोन्यूटन, एका बोल्टची. तडकलेल्या काँक्रीटमधला एकट्या अँकरचा शंकू ३१.३ चा. बोल्टची ग्रेड वाढवून काहीच मिळत नाही हे इथेच दिसते.

त्यापुढचे पुलआउट, म्हणजे शंकू न सुटता अँकरच भोकातून घसरत बाहेर येणे. फुलणाऱ्या अँकरला याचे सूत्र नाही, फक्त चाचणीचा आकडा असतो आणि तडकलेल्या काँक्रीटमध्ये अनेकदा तोच निर्णायक ठरतो. ०.३ मिमी तड्याने भोक रुंद झाले की अँकरला पुन्हा फुलता आले पाहिजे. सगळ्यांना ते जमत नाही. युरोपीय मान्यतेच्या जुन्या खोक्यांवर ‘ऑप्शन १’ लिहिलेले असेल तर तडकलेले आणि न तडकलेले दोन्ही चालते. ‘ऑप्शन ७’ असेल तर फक्त न तडकलेले. असा अँकर स्लॅबच्या खालच्या अंगाला ७० टक्के धरून वापरता येत नाही. तो वापरताच येत नाही.

केमिकल अँकरची, म्हणजे इपॉक्सीसारख्या रसायनाने चिकटवलेल्या अँकरची, घट आणखी मोठी असते. उत्पादनाचा अहवाल नसताना एसीआयने जी ठोकळ मूल्ये दिली आहेत ती पाहा. बाहेरच्या वातावरणात बंध-ताकद तडकलेल्या काँक्रीटला १.४ एमपीए, न तडकलेल्याला ४.५. एम१६ आणि १०० मिमी खोलीला याचे अनुक्रमे ७.० आणि २२.६ किलोन्यूटन होतात. १.४ पट नाही, तिपटीहून जास्त फरक. कायम टांगलेले ओझे असेल तर आणखी ०.४ ने गुणायचे आणि बंध-क्षमतेच्या ५५ टक्क्यांतच ते ओझे बसवायचे. २००६ मध्ये बॉस्टनच्या बोगद्यातले छताचे काँक्रीट पॅनेल कोसळून मोटारीतल्या एका महिलेचा जीव गेला. तिथे इपॉक्सीने बसवलेले अँकर कायमच्या ओझ्याखाली हळूहळू सरकत बाहेर आले होते. ०.५५ हा आकडा शीटमध्ये दिसला नाही तर मी सही करत नाही.

ओतून बसवलेल्या फाउंडेशन बोल्टमध्ये आपल्याकडे एल आणि जे आकाराचे बोल्ट अजून सर्रास वापरतात. त्यांचे पुलआउट खोलीवर अवलंबूनच नाही: ०.९ × सिलिंडर ताकद × हुकची लांबी × व्यास. एम२४ ला हुक जास्तीत जास्त ४.५ व्यासाचा, १०८ मिमी धरता येतो. ०.९ × २० × १०८ × २४ = ४६.७ किलोन्यूटन. ४.६ ग्रेडच्या त्याच बोल्टचे पोलाद १४१ चे. बोल्ट ६०० मिमी खोल न्या की ९००, आकडा ४६.७ च. त्याच बोल्टच्या तळाला हुकऐवजी साधा षटकोनी नट लावला तर नटाचे टेकणारे क्षेत्र सुमारे ६७० चौ. मिमी, आणि ८ × ६७० × २० = १०७ किलोन्यूटन. जाड चौकोनी वॉशर दिला की पोलादाच्या बरोबरीला येता येते. हुकचा बोल्ट सोडा, हे मी प्रत्येक क्लायंटला पहिल्याच बैठकीत सांगतो.

पेडेस्टल अरुंद असेल तर शंकू कितीही ओढला तरी पुरत नाही. तिथे भांडत बसू नका, ओढ पेडेस्टलच्या उभ्या सळयांना द्या. सळई बोल्टपासून प्रभावी खोलीच्या निम्म्या अंतराच्या आत हवी आणि शंकूच्या रेषेच्या वर-खाली दोन्हीकडे तिची पूर्ण डेव्हलपमेंट लांबी (काँक्रीटमध्ये पक्की पकड बसायला लागणारी लांबी) मिळायला हवी. मग शंकूची तपासणी लागत नाही.

आकडे जुळूनही निष्कर्ष वेगळा निघतो तेव्हा

कॅटलॉगमधला ‘शिफारस केलेला भार’ हा कामाच्या भाराशी ताडायचा असतो, त्यात भाराचा गुणक आधीच धरलेला असतो. त्याच्याशी आपला १.५ ने गुणलेला भार ताडला की सुरक्षा दोनदा मोजली जाते. उलट, ३१.३ ही नुसती मूळ क्षमता कामाच्या भाराशी ताडली की एकदाही मोजली जात नाही. चांगल्या श्रेणीच्या नंतर बसवलेल्या अँकरला, जादा सळई नसताना, एसीआयचा सुरक्षेसाठी क्षमता कमी करणारा घटक ०.६५. म्हणून एकट्या अँकरचे २०.३ किलोन्यूटन, आणि वरच्या चार अँकरच्या गटाचे ४२.०. गुणित भाराशी ताडायचा तो हा आकडा.

खोलीही बघा. ड्रिलची खोली, बोल्टची लांबी आणि प्रभावी खोली या तीन वेगळ्या गोष्टी. प्लास्टरचा थर खोलीत मोजला की दीड घातामुळे क्षमता वेगाने खाली येते. २० मिमी प्लास्टर धरून १०० म्हटलेले प्रत्यक्षात ८० असेल तर ३१.३ चे २२.४ होतात. आणि या प्रकारच्या अँकरची प्रभावी खोली स्लॅबच्या जाडीच्या दोन तृतीयांशापर्यंत, किंवा जाडी वजा १०० मिमी, यांतले जे मोठे असेल तिथपर्यंतच चालते. १५० च्या स्लॅबमध्ये १०० मिमी नेमके बसतात. निवासी इमारतीच्या १२५ च्या स्लॅबमध्ये नाही, तिथे ८३ वर थांबावे लागते.

राहिली ती साइटवरची पुल टेस्ट. ‘४० किलोन्यूटनला टेस्ट केला, हलला नाही, मग तुमचे ३१ कसे?’ हा प्रश्न मला मनापासून विचारलेला असतो, म्हणून मनापासून उत्तर देतो. आधी जॅकचे पाय कुठे टेकले होते ते विचारा. शंकूची त्रिज्या १५० मिमी. पाय त्याच्या आत असतील तर ते शंकूलाच वरून दाबून धरतात आणि शंकू निघूच शकत नाही. तेव्हा तपासले गेले फक्त पुलआउट. पाय बाहेर असले तरी ज्या दिवशी टेस्ट झाली त्या दिवशी काँक्रीटला तडा नव्हता. टेस्टने सांगितले ते न तडकलेल्या काँक्रीटचे उत्तर, आणि तिथे ४३.८ निघतातच. टेस्ट आणि हिशोब एकमेकांशी जुळले आहेत. डिझाइन करायचे आहे ते मात्र त्या दिवसासाठी, जेव्हा वर मशिन बसलेले असेल, पाइप पाण्याने भरलेला असेल आणि तोच स्लॅब वाकून त्याच भोकातून केसाएवढा तडा गेलेला असेल.